उजाळा आणि झीज

सराफी पेढीवर जुना दागिना उजळण्यासाठी येतो तेव्हा तो आधी तराजूत ठेवला जातो. उजाळा दिल्यावर पुन्हा वजन होते आणि दोन वजनांतील फरक ग्राहकाला दाखवला जातो. उजाळा देणे म्हणजे वरचा डागाळलेला थर काढून टाकणे. त्यात थोडी घट येणारच, हे पेढीवरच्या नव्या मुलालाही ठाऊक असते. मुलाम्याच्या दागिन्यावर तर हात आणखी हलका ठेवावा लागतो, कारण वरचा पातळ थर संपला की खालचे तांबे उघडे पडते. घरची मोटार स्वतःच्या हातांनी चकचकीत करू पाहणाऱ्या हौशी माणसाने हाच हिशेब ध्यानात ठेवावा. मोटारीची कांती हा भरीव सोन्याचा दागिना नसून मुलाम्याचा आहे, आणि पॉलिशच्या प्रत्येक फेरीत त्याचे मुद्दल घटत असते.

थरांचा हिशेब

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर आणि प्रायमर असतो, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. हे सारे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट 40 ते 50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. मोटारीची सारी चमक या थरात असते आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षणही तोच करतो. तो झिजून संपला की टप आणि बॉनेट पांढुरके पडतात, पापुद्रे सुटू लागतात. त्यानंतर कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग नव्याने रंगवणे एवढाच मार्ग उरतो.

घरातील वडीलधाऱ्यांची सवय येथे थोडी आड येते. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रंगावर असा वेगळा पारदर्शक थर नसे. रबिंग करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरे आणि काम नीट चालले आहे, अशी त्यातून खात्री पटे. किती रंग गेला, हे डोळ्यांना दिसत असे. आजच्या मोटारीला तेच रबिंग केले तर फडके कोरेच राहते. जाणारा थर पारदर्शक असल्याने नुकसान दिसत नाही. न दिसणारा खर्च हा नेहमीच अधिक धोक्याचा असतो.

ओरखडे येतात कोठून?

रात्री बंद गॅरेजमध्ये गडद रंगाच्या मोटारीवर बॅटरीचा झोत टाकून पाहावा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. हे ओरखडे खरे तर सर्व दिशांना पसरलेले असतात. प्रकाश त्यांतील ठरावीक दिशेच्या रेघांवरूनच डोळ्यांकडे परततो, म्हणून ते गोलाकार भासतात. यांतील बहुसंख्य ओरखडे प्रवासात पडलेले नसतात. ते मोटार पुसताना पडलेले असतात.

रस्त्यावरील धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. काठिण्याच्या मोह्स मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7 व्या क्रमांकावर आहे. तो काचेवरही ओरखडा पाडतो, मग क्लिअर कोटची काय कथा! सोसायटीच्या आवारात पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन ओळीने दहा मोटारी पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या मोटारीची धूळ त्याच फडक्यातून दहाव्या मोटारीवर घासली जाते. कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडणीने रोज धूळ झटकणे हेही काचकागद फिरवण्यासारखेच आहे. धूळ बसलेली मोटार एखादा दिवस तशीच राहू दिली तर तिचे काही बिघडत नाही. कोरडी पुसली तर मात्र बिघडते. पुसणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा त्याला दोन बादल्या आणि चार स्वच्छ पंचे घेऊन देणे आणि आठवड्यातून दोनदाच धुण्यास सांगणे अधिक शहाणपणाचे.

धुण्याची रीत

मोटार सावलीत असावी आणि पत्रा हाताला थंड लागावा. उन्हात शाम्पू आणि पाणी पत्र्यावरच सुकतात आणि डाग मागे ठेवतात. चाके आधी धुवावीत, कारण तेथे ब्रेकची राख आणि चिखल सर्वांत अधिक असतो. त्यांचे फडके आणि पाणी वेगळे ठेवावे. मग वरून खाली साधे पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. वाळलेला चिखल खरवडू नये. तो भिजू द्यावा.

त्यानंतर दोन बादल्यांचा क्रम सुरू होतो. एका बादलीत मोटारीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोज्यासारखे मायक्रोफायबरचे फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग ते साध्या पाण्यात पिळून स्वच्छ करावे आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालावे. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पाहिला की, एकाच बादलीत हा सारा गाळ मोटारीवर फिरला असता, हे वेगळे सांगावे लागत नाही. सुरुवात टपापासून करावी आणि दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच केलेला असल्याने वरचे मेणही उतरवतो.

पुसण्यासाठी सुती फडक्यापेक्षा मायक्रोफायबरचा जाड पंचा बरा. कापडाच्या व्यापारात असलेल्यांना त्याची पारख सहज करता येईल: पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे मिश्रण, सामान्यतः 80 आणि 20 टक्के, वजन पुसण्यासाठी 500 जीएसएमच्या पुढे आणि मेण उतरवण्यासाठी 300 च्या आसपास. कडेची शिलाई आणि चिकटलेले लेबल बोटाने चाचपून पाहावे, कारण ओरखडा तेथूनच पडतो. पंचा दाबून न घासता पाण्यावर पसरून हलकेच ओढावा. हे पंचे सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना कपडे मऊ करणारे द्रावण लावू नये. त्याने त्यांची पाणी शोषण्याची शक्ती जाते. जमिनीवर पडलेला पंचा पुन्हा धुतल्याशिवाय मोटारीला लावू नये.

बोअरच्या पाण्याने धुतलेली मोटार लगेच कोरडी करणे आवश्यक असते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. नुकतेच पडलेले पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून पुसल्यास बहुधा निघतात. त्यानंतर तो भाग लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा. पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारची वाट पाहू देत नाही. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर काही तासांतच क्लिअर कोटमध्ये खूण उमटवते. ओले फडके पाच मिनिटे तिच्यावर ठेवून ती मऊ झाल्यावर उचलून घ्यावी.

पॉलिश केव्हा, किती

धुतलेल्या पत्र्यावर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून फिरवावा. खरखर लागली तर डांबराचे सूक्ष्म थेंब, ब्रेकचे लोहकण, झाडाचा चीक असे काहीतरी रंगात रुतलेले आहे. ते काढण्यासाठी क्ले बार, म्हणजे मोटारीसाठीची खास माती, मिळते. शाम्पूच्या पाण्याने पत्रा निसरडा ठेवून ती हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावी आणि मळली की दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. खाली पडलेला तुकडा मोह न धरता टाकून द्यावा. पुष्कळ मोटारींना यानंतर पॉलिशची गरजच उरत नाही. केवळ मेण पुरते.

ओरखडे डोळ्यांना फारच खुपत असतील तरच पॉलिश. त्यातही नखाची परीक्षा आधी करावी: ओरखड्यावरून नख आडवे फिरवताना ते अडकले तर ओरखडा फार खोल आहे. तो घासून नाहीसा करण्याच्या प्रयत्नात आजूबाजूचा थर नाहीसा होईल. जो ओरखडा नखाला लागत नाही, तेवढ्याच्याच वाटेला जावे. सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन एका कोपऱ्यातील वीतभर जागेवर आधी करून पाहावे. तेथे जे साधले तेच पुढे चालवावे. एका वेळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग घ्यावा. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर आधी मास्किंग टेप लावावी, कारण तेथे वाळलेले पॉलिश पांढरे डाग ठेवते.

यंत्र घ्यायचे असेल तर नवशिक्याने ड्युअल ॲक्शन प्रकारचेच घ्यावे. त्याची चकती फिरता फिरता सरकत असल्याने उष्णता एका जागी साठत नाही. नुसते गरागरा फिरणारे रोटरी यंत्र अनुभवी हातांसाठी आहे. दारांच्या कडा आणि बॉनेटवरील उठावाच्या रेषा येथे क्लिअर कोट पातळ असतो, आणि नेमके तेथेच यंत्राचे जोर एकवटतो. त्या जागा हातानेच कराव्यात. सौम्य पॉलिशच्या एका फेरीत साधारण एक-दोन मायक्रॉन जातात. जाड कंपाउंडने त्याहून बरेच अधिक. बाजारात तासाभरात आरसा करून देणारी काही पॉलिशे ओरखडे काढतही नाहीत, तेल आणि भरणाने ते झाकतात, आणि चार धुण्यांत सारे पुन्हा वर येते. तर कधी याउलट, घाईत मारलेल्या जाड कंपाउंडने थर मात्र कायमचा जातो. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात मुद्दल.

डबीवरील अक्षरे

पॉलिशनंतर संरक्षक थर द्यावा. कार्नोबा हे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि ते वितळण्यासाठी 80 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. कृत्रिम सीलंट अधिक काळ टिकतात. सिरॅमिक कोटिंग त्याहूनही टिकाऊ. पण त्याचा थर एखाद-दोन मायक्रॉनचाच असल्याने दगडाचा मार ते रोखू शकत नाही, हे खर्च करण्यापूर्वी जाणून घ्यावे.

येथे डबीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय कामी येते. अनेक मेणांत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते, काहींत लोकरीपासून काढलेले लॅनोलिन. पुसण्यासाठी विकले जाणारे शॅमॉय हे मुळात कातडे असते आणि बारीक फटी झाडण्याचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. घरात जे येऊ द्यायचे नाही ते गॅरेजमध्येही येऊ नये, असे वाटणाऱ्यांना कार्नोबा किंवा कृत्रिम सीलंट, मायक्रोफायबरचा पंचा आणि नायलॉनचा ब्रश यांनी तितकेच चांगले काम साधता येते. कार्नोबाच्या डबीवरही इतर घटक पाहून घ्यावेत, कारण नुसते कार्नोबा फार कठीण असते आणि त्यात काहीतरी मिसळावेच लागते.

पाण्याचाही विचार त्याच जयणेने व्हावा. मिनिटाला दहा लिटर देणारी नळी दहा मिनिटे सुरू राहिली की शंभर लिटर पाणी गेले. 2024 च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून 5,000 रुपये दंड ठेवला होता. दोन बादल्या आणि एक मग यांत मध्यम मळलेली मोटार नीट धुतली जाते. नळीपेक्षा त्यात धुणाऱ्याचे लक्षही अधिक राहते.

आतल्या बाजूला एकच इशारा पुरेसा आहे. डॅशबोर्ड आणि टायर चमकवणारी सिलिकॉनयुक्त द्रावणे स्टीअरिंग, ब्रेकचे पेडल आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना कधीही लावू नयेत. तेथे निसरडेपणा जिवावर बेतू शकतो. धुऊन झाल्यावर मोटार आवारातच थोडी चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावेत आणि मगच रस्त्यावर न्यावी.

वहीतील नोंद

जुनी मोटार विकायला काढली की जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र घेऊन येतो. एखाद्या भागावर आकडा वाढलेला दिसला की तो भाग पुन्हा रंगवला आहे हे त्याला कळते, आणि मग अपघाताचा संशय येऊन भाव खाली येतो. अतिउत्साहाने घासून बॉनेट रंगवण्याची वेळ आणणाऱ्याला, अपघात झालाच नव्हता, हे त्या वेळी पटवून देणे अवघड जाते. कारखान्यातून आलेला मूळ थर टिकवणे ही म्हणूनच केवळ हौस नाही, व्यवहारही आहे.

सर्वसाधारण क्रम असा ठेवता येईल: आठवड्याला धुणे, दोन-तीन महिन्यांनी मेण, वर्षातून एक-दोनदा क्ले बार आणि पॉलिश गरज पटली तरच, दोन-तीन वर्षांतून एखादे वेळी. तेल बदलल्याची तारीख जशी लिहून ठेवली जाते, तशीच पॉलिशचीही लिहावी: कोणत्या दिवशी, कोणत्या भागावर, कोणते पॉलिश, किती फेऱ्या. क्लिअर कोट डोळ्यांना दिसत नाही. त्यातले किती खर्च झाले आणि किती शिल्लक आहे, याचा अंदाज घरच्यांना या नोंदीवरूनच येईल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलाने पॉलिशची बाटली मागितली तर आधी त्याच्या हाती ही वही द्यावी, आणि सोबत दोन बादल्या.