अभिरूप न्यायालयांत यंत्राची साक्ष

वक्तृत्व, वादविवाद व नाट्यप्रवेश यांच्या जोडीला ‘अभिरूप न्यायालय’ या स्पर्धेनें विधिमहाविद्यालयांतून आतां शाळांतहि पाऊल टाकिलें आहे. एक काल्पनिक खटला घ्यावयाचा; एका बाजूनें वादीचें म्हणणें मांडावयाचें, दुसरीनें प्रतिवादीचें; कांहीं विद्यार्थ्यांनीं साक्षीदार व्हावयाचें, आणि न्यायासनावर बसलेल्या जाणत्या माणसांनीं निकाल द्यावयाचा, असें तिचें स्वरूप असतें. या योगें मुलांस नेमका प्रश्न विचारण्याची, उत्तर लक्षपूर्वक ऐकण्याची व विरुद्ध पक्षाचें म्हणणें शांतपणें सहन करण्याची संवय लागते. आतां प्रश्न असा निघाला आहे कीं, समोरासमोर चालणाऱ्या या स्पर्धेंत पडदा, प्रोजेक्टर, संगणक व मोबाईल यांस प्रवेश द्यावा कीं न द्यावा?

कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतात कीं, मोबाईलनें मुलांचा बराचसा वेळ आधींच गिळला आहे. निदान न्यायालयाच्या खेळांत तरी तो नको. दुसरे म्हणतात कीं, जग पुढें गेलें, मग शाळेनें मागें कां राहावें? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु एकच यंत्र न्यायालयांत दोन निरनिराळ्या जागीं उभें राहूं शकतें, ही गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. तें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहील, किंवा वकिलाच्या कानाशीं लागेल. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, पहिल्या जागीं त्यास अवश्य बोलवावें, आणि दुसऱ्या जागेपासून त्यास कटाक्षानें दूर ठेवावें.

प्रथम खऱ्या न्यायालयांकडे पाहूं. परदेशांतील साक्षीदाराची साक्ष दृक्श्राव्य संपर्काच्या द्वारें घेतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं महाराष्ट्रांतूनच गेलेल्या डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या खटल्यांत दिला. तेथें न्यूयॉर्कच्या एका डॉक्टराची साक्ष मुंबईच्या न्यायालयास हवी होती. २७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढील सुनावणी कोणासहि घरबसल्या पाहतां येऊं लागली. आणि १ जुलै २०२४ पासून १८७२ चा जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा कायदा अमलांत आला. संगणकांतील व मोबाईलमधील नोंदी पुरावा म्हणून कशा सादर कराव्या, हें त्याच्या कलम ६३ मध्यें सांगितलें आहे. तेव्हां केवळ कागदी दस्तऐवजांवर चालणारें अभिरूप न्यायालय हें आजच्या न्यायालयाचें खरें प्रतिबिंब राहिलें नाहीं.

या बाबतींतील एक मोठा निर्णय आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतील वादांतून निघाला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकींत उमेदवारी अर्ज देण्याची मुदत २७ सप्टेंबर रोजीं दुपारीं तीन वाजेपर्यंत होती. विजयी उमेदवाराचे अर्ज त्या वेळेनंतर दाखल झाले, असा आक्षेप पराभूत उमेदवारानें घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींत कॅमेरे लाविलेले होते. त्यांच्या चित्रफितींवर वादाचा बराच भार पडला. परंतु अशा चित्रफितीसोबत कायद्यानें जें प्रमाणपत्र लागतें, तें वारंवार मागूनहि अर्जदारास मिळालें नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें संबंधित अधिकाऱ्याची तोंडी साक्ष ग्राह्य धरून २०१७ सालीं ती निवडणूक रद्द ठरविली. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नांवानें हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १४ जुलै २०२० रोजीं तीन न्यायमूर्तींनीं निर्णय दिला कीं, मूळ यंत्रच न्यायालयापुढें आणलें नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊं शकत नाहीं; मात्र पक्षकारानें आपल्याकडून सर्व प्रयत्न करूनहि तें मिळालें नाहीं, तर त्या अशक्य गोष्टीसाठीं त्यास दोष देतां येणार नाहीं. या प्रकरणांत इतर पुरावाहि होताच. त्यामुळें उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. एका घड्याळाची वेळ, एक कॅमेरा व एक प्रमाणपत्र यांवर सहा वर्षें वाद चालला. नववी-दहावीच्या मुलांसाठीं याहून उत्तम धडा कोणता असेल?

हें प्रमाणपत्र एवढें महत्त्वाचें कां, हें मराठी मुलास समजावयास वेळ लागूं नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या पत्रांतील ‘धरावें’ या शब्दाचें कोणीं तरी ‘मारावें’ केलें, असें परंपरा सांगते. तेव्हांपासून ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत रूढ झाला. कागदावरील खाडाखोड निदान डोळ्यांस दिसते. संगणकांतील खाडाखोड दिसतहि नाहीं. म्हणून नव्या कायद्याच्या प्रमाणपत्रांत ‘हॅश मूल्य’ नमूद करावें लागतें. हॅश मूल्य म्हणजे संगणकानें गणित करून काढलेला त्या नोंदीच्या बोटाचा ठसाच होय. नोंदींतील एक अक्षर जरी बदललें, तरी हा ठसा पार बदलतो. शाळेंतील साध्या संगणकावरहि तो काढतां येतो. एका ओळींत ‘धरावें’ व दुसऱ्या ओळींत ‘मारावें’ लिहून दोन्हींचे ठसे पडद्यावर शेजारीं शेजारीं दाखवावे. मग मुलांस निराळें व्याख्यान देण्याचें कारण उरणार नाहीं.

तथापि ठसा जुळला म्हणजे मजकूर खराच, असेंहि कोणीं समजूं नये. पवित्र शास्त्रांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. ईजबेल राणीनें अहाब राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं व त्यांवर राजाचीच मोहर केली. दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, आणि निरपराध नाबोथाचा धोंडमार करून वध झाला. मोहर खरी होती, मजकूर कपटाचा होता, आणि पत्र कोणी लिहिलें हें विचारणारा त्या सभेंत कोणीच नव्हता. हॅश मूल्य इतकेंच सांगतें कीं, ठसा घेतल्यानंतर नोंद बदललेली नाहीं. ती मुळांत कोणीं केली, कशासाठीं केली व तींतून काय वगळलें, हें माणसानें माणसास विचारूनच कळतें. यंत्र उलटतपासणीचें काम संपवीत नाहीं, उलट तें वाढवितें.

आतां चकलांब्यासारख्या गांवच्या शाळेंत याचा प्रयोग कसा करावा? खटला आपल्याच मातींतला घ्यावा. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीस जातात, व जाण्यापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतात. समजा, मुकादम म्हणतो ऐंशी हजार दिले, मजूर म्हणतो पन्नासच मिळाले. पुराव्यांत मुकादमाच्या वहीच्या पानाचें मोबाईलवर काढलेलें छायाचित्र आहे, एक ध्वनिमुद्रित संभाषण आहे, आणि बँकेचा एक संदेश आहे. हें सर्व पडद्यावर दाखवावें व मुलांनीं प्रश्न विचारावे: छायाचित्र कोणत्या दिवशीं काढलें? मूळ वही कोठें आहे? संभाषणाचा आरंभ कोणी कापला काय? आवाज कोणाचा, हें कोण ओळखतो? ज्याच्या मोबाईलमध्यें हें सांपडलें, तो साक्षीस कां आला नाहीं? आज व्हॉट्सॲपवर आलेलें चित्र गांवांत घटकेंत पसरतें. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें कोणाचाहि चेहरा व आवाज बनवितां येतो. चावडीवर भांडण पेटण्यास एवढें पुरे होतें. असे प्रश्न विचारण्याची संवय ज्या मुलास लागली, तें मूल घरींहि आईबापांना फसवणुकींतून वांचवील.

परंतु उलटतपासणी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं मोबाईल असतां कामा नये. साक्षीदार अनपेक्षित उत्तर देतो, क्षणभर सभा स्तब्ध होते, आणि त्या क्षणीं मुलास स्वतःच्या बुद्धीनें पुढचा प्रश्न शोधावा लागतो. या स्पर्धेचें सर्व शिक्षण त्या एका क्षणांत सांठविलेलें आहे. तयारीच्या दिवसांत संगणकास खुशाल विचारावें, कायद्याचें कलम शोधावें. परंतु एकदां खटला पुकारला कीं कागद, लेखणी व आपली स्मृति यांवरच भिस्त ठेवावी. स्पर्धा समोरासमोर भरवावयाची ती याचसाठीं.

आणखी एक गोष्ट न्यायाची आहे. शहरांतील सधन शाळा रंगीत चित्रफिती घेऊन येईल, व खेड्यांतील शाळा वहीचें पान घेऊन येईल. तर निकाल पुराव्यावर लागेल कीं देखाव्यावर? म्हणून संगणक व पडदा संयोजकांचा असावा, पुरावा दोन्ही पक्षांस एकच व आगाऊ मिळावा, आणि यंत्र चालविणारा त्रयस्थ असावा. प्रत्येक चित्राची छापील प्रत व प्रत्येक संभाषणाची लेखी प्रत जवळ ठेवावी. वीज गेली तर कामकाज तिच्यावर तसेंच पुढें चालावें. सजावटीस गुण नसावे. प्रश्नास व युक्तिवादास असावे. आणि हें सर्व मराठींत व्हावें, कारण आपल्या मुलांच्या आईबापांस कोर्टाची पायरी चढावी लागलीच, तर त्यांचें सुखदुःख त्यांस मराठींतच सांगावें लागणार आहे.

शेवटीं पालकांस एक विनंती. दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेल्या आईबापांस आपल्या मुलीचा युक्तिवाद ऐकावयास शाळेंत येतां येत नाहीं. शाळेनें तो त्यांच्या मोबाईलवर, व केवळ पालकांपुरताच, दाखविण्याची सोय केली, तर तो यंत्राचा सदुपयोगच होईल. फडांतल्या कोपींत बसून लेकीला “हा पुरावा कोणी तयार केला?” असें ठणकावून विचारतांना ज्या बापानें पाहिलें, तो कोऱ्या कागदावर आंगठा उठविण्यापूर्वीं, किंवा अनोळखी माणसास मोबाईलवरील अंक सांगण्यापूर्वीं, घटकाभर खचित थांबेल. विद्यार्थिमित्रहो, यंत्रास भिऊं नका, आणि त्यास शरणहि जाऊं नका. त्यास पिंजऱ्यांत उभें करा आणि प्रश्न विचारा.