अवकाशयानाची कल्हई

कल्हई म्हणजे काय, ते आजीला विचारा. आमच्या हिंगोलीकडे पितळेची पातेली अजून कुठं कुठं वापरात आहेत. कल्हई नसेल तर त्यात ठेवलेलं ताक कळकतं, म्हणजे आंबटपणामुळं भांड्यातलं तांबं ताकात उतरतं. म्हणून कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवतो.

असाच थर अवकाशयानालाही लागतो, बरं का!

ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या 'विक्रम'चं चित्र तुम्ही पाहिलंच असेल. त्याचं ते झगझगीत आवरण सोन्याचं नव्हे. तो पॉलिइमाइड नावाच्या पिवळसर प्लास्टिकचा पातळ पडदा. त्याच्या मागं ॲल्युमिनियमचा थर असतो, तो चकाकतो आणि ऊन परतवतो.

हेच प्लास्टिक पृथ्वीभोवती ४०० किलोमीटर उंचीवर फिरू लागलं, की त्याला वेगळाच शत्रू भेटतो. कोण? ऑक्सिजन! ज्याच्यावर आपण जगतो तोच. तिथल्या विरळ हवेत सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि अणू एकेकटे सुटतात. एकटा अणू भारी खादाड. त्यात यान सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर वेगानं त्यांच्यावर आदळतं. प्लास्टिकमधला कार्बन वायू होऊन उडून जातो. अमेरिकेनं एप्रिल १९८४ मध्ये नाना पदार्थांचे नमुने लावलेला एक उपग्रह सोडला आणि जानेवारी १९९० मध्ये परत आणला. पुढच्या बाजूचे काही पातळ पडदे पार नाहीसे झाले होते!

मग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौरपंखांमधल्या प्लास्टिकला सिलिकॉन डायऑक्साइडचा थर दिला गेला. वाळूत असतो तोच हा पदार्थ. त्याच्यात ऑक्सिजन आधीच भरलेला, नवा ऑक्सिजन त्याचं काय बिघडवणार? थराची जाडी १३० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या साधारण पाचशेव्या भागाइतकी. जाड दिला तर घडी घालताना तडकेल.

पण या थराला डोळ्याला न दिसणारं छिद्र राहिलं, तरी अणू आत शिरतात आणि खालून पोखरत जातात. वरून सगळं ठाकठीक! कल्हई एका जागी उडाली तरी ताक कळकतंच ना?

वेफर्सची रिकामी पुडी आतून चकचकीत असते. तोही ॲल्युमिनियमचा असाच पातळ थर. रात्री दिवा मालवून पुडीमागं बॅटरी धरा. जिथं घडी पडलीय, तिथं उजेडाचे बारीक ठिपके दिसतील. किती दिसले, मोजा.