छोटा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी

दसरा किंवा पाडवा तोंडावर आला म्हणजे पुष्कळ शेतकरी कुटुंबांत एकच विषय निघतो : आता बैलजोडी मोडावी आणि लहानसा ट्रॅक्टर घ्यावा काय? मुलगा म्हणतो घ्यावा, वडिलांची नजर सातबाऱ्यावर चढणाऱ्या बोजाकडे असते, आणि घरची गृहिणी हिशेब मांडते तो हप्त्यांचा. बहुधा तिचाच हिशेब बरोबर निघतो. वाचकहो, आपल्या घरी हा विचार चालू असेल, तर विक्रेत्याच्या दारी जाण्यापूर्वी चार गोष्टी घरीच पाहून घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१९५९ साली फरीदाबाद येथे आयशरचा पहिला ट्रॅक्टर कारखान्याबाहेर पडला, त्या काळी ट्रॅक्टर हे मोठ्या जमीनदाराचे वाहन समजले जाई. पुढे जमिनीच्या वाटण्या होत गेल्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे आपल्या देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्याही आत आहे. तीस अश्वशक्तीच्या आतील छोट्या ट्रॅक्टरांची मागणी ह्या लहान शेतांतून आणि फळबागांतून आली. परंतु लहान शेताला लहान ट्रॅक्टर परवडतोच, असे मात्र नव्हे.

समजा, सर्व खर्च धरून ट्रॅक्टर पाच लाखांना पडला. दहा वर्षांत तो झिजला असे धरले, तर वर्षाला पन्नास हजार झिजेचे; सरासरी अडीच लाखांवर दहा टक्क्यांनी पंचवीस हजार व्याजाचे; विमा व दुरुस्ती मिळून पंधरा हजार. हे झाले नव्वद हजार, आणि ट्रॅक्टर गोठ्यात उभा राहिला तरी ते लागतातच. वर्षात ६०० तास काम झाले तर तासामागे १५० रुपये पडतील, ३०० तास झाले तर ३००, आणि १५० तासच झाले तर ६००. डिझेल व चालकाची मजुरी निराळी. आता आपल्या गावात भाड्याचा ट्रॅक्टर तासाला काय घेतो तो आकडा शेजारी मांडून पाहावा. ज्या घरी तीन एकर जिरायत आहे व दुसऱ्याच्या शेतावर जाण्याची तयारी नाही, त्या घराने ट्रॅक्टर भाड्यानेच आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेता हे आपणांस सांगणार नाही. त्याने सांगावे अशी अपेक्षाही धरू नये.

फळबागेचे गणित वेगळे. तेथे फवारणीसाठी वरचेवर आत जावे लागते आणि तास सहज भरतात. मात्र बागायतदाराने प्रथम मोजपट्टी घेऊन बागेत जावे. नागपूरकडील संत्र्याच्या बागेत झाडे सहा मीटरांवर असतात, डाळिंबाच्या ओळी साधारणतः साडेचार मीटरांवर. तेथे अडचण कमी. द्राक्षबागेत मात्र दोन ओळींमध्ये आठ-दहा फूटच असतात, आणि त्यातही मांडवाच्या तारा, कोवळ्या फुटी व ठिबकच्या नळ्या जागा अडवितात. म्हणून दोन ओळींतील मोकळी जागा, मांडवाची जमिनीपासून उंची आणि ओळीच्या शेवटी बांधापर्यंत वळण्यास उरणारी जागा, ही तीन मापे कागदावर लिहून खिशात ठेवावीत. ट्रॅक्टरची रुंदी पाहताना चाकांच्या बाहेरील कडा धराव्यात, आणि मागे लावावयाचा रोटाव्हेटर चाकांहून रुंद असेल तर त्याची रुंदी धरावी. धुराची नळी वर उभी असेल तर मांडवाखाली ती फुटींना भाजते. बागेसाठी आडवी किंवा खाली वळविलेली नळी बरी.

शक्तीविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. जाहिरातीतील अश्वशक्ती ही इंजिनाची असते. फवारणीचा पंखा किंवा रोटाव्हेटर फिरतो तो मागील दांड्यावर, ज्याला सर्वजण पी.टी.ओ. म्हणतात, आणि तेथे पोचणारी शक्ती इंजिनाहून कमी असते. आपले अवजार किती शक्ती मागते ते विचारून मग पी.टी.ओ.चा आकडा विचारावा. मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर-परीक्षण संस्था आहे. तेथील चाचणी-अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती, डिझेलचा खप, उचलण्याची क्षमता हे सारे मोजून दिलेले असते. तो अहवाल दाखवा, असे विक्रेत्यास निःसंकोचपणे म्हणावे.

विक्रेत्याकडे जाताना एकट्याने जाऊ नये आणि मुहूर्ताच्या दिवशी तर मुळीच जाऊ नये. मुहूर्ताला ट्रॅक्टर घरी आणावा. सौदा त्याआधी पंधरा दिवस करावा. दोन-तीन ठिकाणचे दरपत्रक लेखी मागावे. त्यात मूळ किंमत, कर, विमा, नोंदणी ही कलमे सुटी असावीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दरपत्रकात तोच लावला आहे ना, हे पाहावे. हूड, बंपर, टॉप लिंक, हुक, ड्रॉबार ह्या वस्तू किमतीत धरल्या आहेत की नाहीत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. तोंडी कबूल झालेली टॉप लिंक पुष्कळदा घरी पोचत नाही. आणि शक्य असल्यास ट्रॅक्टर आपल्या बागेत आणून चालवून दाखवावयास सांगावे. फरशीवर प्रत्येक ट्रॅक्टर सुरेख वळतो.

नंतर प्रश्न कर्जाचा. जमीन तारण ठेवावी लागणार असेल, तर ती कोणाकोणाच्या नावावर आहे, त्या सर्वांनी, घरातील स्त्रियांनीही, करार वाचल्यावाचून सही करू नये. हप्ते पिकाच्या पैशाबरोबर, म्हणजे सहामाही किंवा वार्षिक, मागावेत. द्राक्षाचा पैसा उन्हाळ्यात येत असता दिवाळीचा हप्ता कशातून भरणार? अनुदानाचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. महाराष्ट्रात मात्र पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, आणि घाईमुळे ते घालविणारी माणसे थोडी नाहीत. शेवटचा हप्ता फिटला की बँकेकडून नमुना ३५ घेऊन नोंदणीपुस्तकावरील बोजा उतरवून घ्यावा. हे काम वर्षानुवर्षे राहून जाते आणि ट्रॅक्टर विकण्याच्या वेळी आठवते.

ताबा घेताना नारळ फोडण्याआधी चासी व इंजिनाचे क्रमांक कागदाशी ताडून पाहावेत. टायरच्या कडेवर चार अंक असतात. ३५२४ असे असले तर तो टायर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. तासमापकावर फार तास दिसत असतील तर तो ट्रॅक्टर प्रात्यक्षिकांत फिरलेला आहे, असे समजून किंमत पुन्हा बोलावी. विक्री-प्रमाणपत्र नमुना २१, नमुना २२, विम्याचा कागद व हमीपुस्तक हे सारे त्याच दिवशी घ्यावे.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल सौद्यात कोणी बोलत नाही. पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, साडीचा पदर, मफलरचे टोक त्यात एकदा अडकले, की हात मागे घेण्यास वेळच मिळत नाही. बागेत औषध कालविणारी, नळी धरणारी माणसे घरचीच असतात. म्हणून दांड्यावरील कवच व अवजाराच्या शाफ्टवरील आवरण दोन्ही बसवून द्या, असे विक्रेत्यास ठणकावून सांगावे, आणि ती बसविल्याखेरीज ताब्याच्या कागदावर सही करू नये. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचविणारी लोखंडी चौकट त्या नमुन्याला मिळत असेल, तर थोडे पैसे अधिक पडले तरी ती घ्यावी. बागेसाठी दुमडणारी मिळाली तर उत्तम. पट्टा बांधावयाचा तो चौकट उभी असतानाच. घरी आल्यावर अवजार जोडताना वा सोडताना इंजिन बंद करून किल्ली काढावी, आणि ती ज्याचा हात दांड्यापाशी जाणार आहे त्याच्याच खिशात असावी.