दुष्टपणा दाखवा, पण त्याला बक्षीस लावू नका

प्रति,
टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग खेळ लिहिणारे, छापणारे आणि आता आपल्याकडच्या दंतकथांवर असे खेळ बेतू पाहणारे लेखक व प्रकाशक यांस,



हे पत्र मी परभणी जिल्ह्यातून लिहितो आहे. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली मुले सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत वीस बाजूंचे फासे असतात आणि फोनमध्ये तुमच्या पुस्तकांच्या पीडीएफ. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापले पात्र घेतात, आणि जमेल की फसेल हे फासा ठरवतो. मला हा खेळ मनापासून आवडतो. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी मुले यात राजाशी वाटाघाटी करतात, भांडतात, दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालतात. म्हणूनच या खेळांत नरबळी, छळ, सैतानपूजा असा प्रौढांसाठीचा अघोरी मजकूर असावा का, या जुन्या वादात आमच्या जिल्ह्याचे म्हणणे तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या जिल्ह्याचेच का, तर मानवत इथे आहे. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात मानवत परिसरात दहा खून झाले. त्यांत पाच मुली साधारण दहा वर्षांच्या होत्या, एक मूल वर्षाचे होते आणि चार स्त्रिया होत्या. पिंपळावरच्या मुंज्याला प्रसन्न करावे, गुप्तधन हाती लागावे आणि मूल व्हावे, यासाठी मुलींचे बळी दिले गेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 साली निकाली निघाला. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. त्यानंतर कितीतरी वर्षे बाहेरगावी कुणी गाव विचारले आणि ‘मानवत’ असे उत्तर दिले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच खून उमटायचे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: मी बंदी मागत नाही. मानवतचा शेवटचा खून ज्या वर्षी झाला, त्याच 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ पहिल्यांदा विक्रीला आला. इथे ज्यांनी कोवळ्या मुली मारल्या, त्यांना कुठल्या खेळाच्या पुस्तकाची गरज पडली नव्हती. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, धनावर नाग बसलेला असतो, त्याला रक्त द्यावे लागते, हे सारे त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले होते.

खेळावर खापर फोडून काय साधते, तेही जगाने पाहिले आहे. 1979 साली मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक मुलगा बेपत्ता झाला आणि खेळाच्या नादाने तो भुयारांत हरवला अशी आवई उठली. मुलगा मनाने खचलेला होता, आणि तिकडे कुणी नीट पाहिले नाही. 1983 मध्ये या खेळाविरुद्ध संघटना उभी राहिली, चर्चमधून आणि टीव्हीवरून सैतानाची भीती पसरली, आणि अखेर 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशक टीएसआरने डेमन आणि डेव्हिल ही नावेच गाळली. राक्षस तेच राहिले, नावे बदलली. त्याने एकही मूल अधिक सुरक्षित झाले नाही.

आपली परंपरा तर अशी भित्री कधीच नव्हती. कोकणातल्या दशावतारात संकासुर आल्याशिवाय रंगत येत नाही. गोंधळात देवीची कथा महिषासुराविना उभी राहत नाही. मानवतच्या खुनांवर विजय तेंडुलकरांनी लिहिले आणि अमोल पालेकरांनी 1981 साली ‘आक्रीत’ हा चित्रपट काढला. ज्यांना दुष्टपणा कधी जवळून दाखवलाच नाही, त्यांना तो गोड चेहऱ्याने दारात आला तर ओळखता येत नाही. मोठ्या माणसांच्या खेळात मोठ्या माणसांचे पाप असायलाच हवे.

दुसरी गोष्ट, माझी हरकत आहे ती वेगळ्या जागी. 2002 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नंतरचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी त्या खेळासाठी माँटी कुक यांचे ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’ काढले, ‘फक्त प्रौढ वाचकांसाठी’ असा शिक्का मारून. याच खेळाच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेचे सहलेखक ट्रेसी हिकमन यांनी जाहीरपणे त्याला विरोध केला आणि मोठा वाद झाला. पुस्तक मुख्यतः खलनायक उभे करणाऱ्या गोष्ट-चालकासाठी होते, हे न्यायाने सांगायला हवे. पण त्यात बळी देण्याचे नियम होते. बळी द्या, फासा टाका, बेरीज जितकी मोठी तितके मोठे फळ.

खेळातली गोष्ट आणि खेळातला नियम यांत फरक आहे. गोष्ट सांगते काय घडले. नियम सांगतो काय केले की काय मिळेल. खेळाडू गोष्ट ऐकतो, पण नियमावर विसंबतो, त्यावर हिशेब मांडतो, पुढची चाल ठरवतो. आणि मानवतमध्ये ज्या समजुतीने माणसे मेली, तिचा आकार हुबेहूब असाच होता: इतके रक्त, इतके धन. आमच्याकडच्या मांत्रिकाचे, भगताचे, भानामती उतरवणाऱ्याचे सारे दुकान या एका आश्वासनावर चालते. खेळाने हे आश्वासन खरे करून दाखवले, तर खेळ अजाणता मांत्रिकाच्या बाजूने साक्ष देतो. ते बळीचे कोष्टक वाचून कुणी उठून बळी देईल असे मी म्हणत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या खोट्याला खेळाचा लेखक आपल्या हाताने खरे ठरवतो, हे मला खटकते.

दुसरा रस्ता तुमच्याच क्षेत्रात केव्हाचा तयार आहे. 1981 च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ मध्ये निषिद्ध ग्रंथ वाचला की पात्राला मंत्र येतात, पण त्याच वेळी त्याची शुद्ध आकड्यांत घटत जाते, आणि शेवटी ते पात्र खेळाडूच्या हातून जाते. तिथे भीती पुस्तकभर आहे, रक्त आहे, वेड आहे, पण नियम प्रत्येक पानावर सांगतो की हा सौदा तोट्याचा आहे. हा खेळ मवाळ आहे असे कुणी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट खऱ्या माणसांच्या दुःखाची. 2018 मध्ये ‘व्हॅम्पायर’ या खेळाच्या एका पुस्तकात चेचन्यात समलिंगी पुरुषांवर चाललेला खरा छळ रक्तपिपासूंच्या कारस्थानात गुंडाळला गेला. ज्यांचा छळ तेव्हा चालूच होता, त्यांचे हाल कुणाच्या तरी करमणुकीचा पडदा झाले. आरडाओरडा झाला, माफी मागितली गेली, तो भाग काढला गेला आणि प्रकाशक व्हाइट वुल्फचा स्वतंत्र कारभार मूळ कंपनीने गुंडाळला. हे मी आठवण म्हणून नाही, सावधगिरी म्हणून सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका सोनी लिव्हवर आली आणि आमच्या गावाचे नाव पुन्हा देशभर गेले. त्यावर खेळ करावा असे उद्या कुणालाही सुचेल. त्या मुलींच्या वयाच्या बायका आज साठीच्या आसपास आहेत, जिवंत आहेत, बाजाराला येतात. त्यांच्या मैत्रिणींच्या मृत्यूला गुण लावून कुणी फासे टाकले, तर त्यांना ते कसे सांगायचे?

चौथी गोष्ट अशा पुस्तकांत आहे ज्यांवर कसलाच शिक्का नसतो. दशके या खेळांत काही जमाती जन्मतः दुष्ट मानल्या गेल्या: ऑर्क दिसला की मारायचा, विचारायचे नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याला यातले काय बोचते ते सांगतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो शिक्का कायद्याने पुसला, पण आजही गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालाकडे जातो. नरबळीच्या वर्णनाने एखाद्या मुलाची झोप उडेल, ती परत येईल. ‘ही जमातच तशी’ हा नियम दहाव्या वर्षी खेळातून मनात बसला, तर तो निघत नाही. विझर्ड्सने 2020 साली ऑर्क आणि ड्राउ या जमातींना इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू असे जाहीर केले. ते योग्य झाले, आणि ते अघोरी पानांवरच्या वादापेक्षा जास्त महत्त्वाचे होते.

वयाच्या शिक्क्याबद्दलही बोलू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘ड्रॅगन’ मासिकाने 2002 च्या तीनशेव्या अंकात प्रौढांची पाने वेगळी बंद करून दिली होती. तुमच्या डोळ्यासमोर समवयस्क मित्रांची एक खोली असते. आमच्याकडे ओसरीवर चुलत, मामे, आते अशी सारी भावंडे एकत्र बसतात. थोरला बावीसचा, धाकटी दहाची, आणि तिला उठवून लावले तर आजीच विचारते, ‘तिला का काढलं रे?’ अशा घरी बंद पाकिटाचा उपयोग नाही. उपयोग आहे तो 2013 मध्ये जॉन स्टाव्हरोपोलस यांनी रूढ केलेल्या एक्स-कार्डासारख्या साध्या सोयीचा: कुणालाही नको झाले तर पत्त्याला हात लावायचा, कारण विचारायचे नाही, गोष्ट पुढे वळवायची. ही सोय मागच्या पुरवणीत नको, पहिल्या पानावर हवी, आणि मराठीत खेळ काढाल तेव्हा मराठीत हवी.

आता मागणे थोडक्यात.

एक, दुष्टपणा ठेवा. मांत्रिक, नरबळी, गुप्तधनाची हाव, सत्तेसाठी केलेला खून, सारे ठेवा.

दोन, अघोरी कृत्याला फळ देणारा नियम लिहू नका. खेळातल्या मांत्रिकाचे आश्वासन फसवे निघू द्या, किंवा त्याची किंमत इतकी ठेवा की खेळाडूला हिशेबातच तोटा दिसेल. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाच्या नावाने केलेले अमानुष कृत्य त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे लिहिलेले आहे. ज्या राज्यात हा कायदा माणसाच्या रक्ताने मिळाला, तिथे खेळ लिहिणाऱ्याने तो वाचलेला असावा.

तीन, खऱ्या खुनांवर खेळ करायचाच असेल तर गावाचे आणि मेलेल्यांचे नाव घेऊ नका, आणि खेळाडूला मारणाऱ्याच्या बाजूला बसवू नका. त्याला तपास करणारा करा, मुलगी परतली नाही म्हणून दारोदार फिरणारी आई करा, गप्प बसलेल्या गावात पहिल्यांदा बोलणारा साक्षीदार करा. या भूमिका अवघड आहेत आणि खेळायला जास्त रंगतदारही.

चार, कुठलीही जमात जन्मतः दुष्ट लिहू नका.

तुम्ही लिहिता ते नियम मुले पाठ करतात. शाळेतली पाढ्यांची वही त्यांना जितकी लक्षात राहत नाही, तितके तुमचे कोष्टक राहते. ही ताकद फार थोड्या लेखकांना मिळते. ती वापरून आमच्या मुलांना एवढे तरी शिकवा, की दुसऱ्याच्या जिवावर मिळणारे धन कुठल्याही पिंपळाखाली पुरलेले नसते.

कळावे,
आपला,
परभणी जिल्ह्यातील एक शिक्षक