टपली कुणाच्या डोक्यात?

बाप म्हणतो, ‘तुमच्या विनोदात मीठ नाही.’ पोरगा म्हणतो, ‘तुमचा विनोद आचरट.’ मला हे भांडणच खोटं वाटतं. चव आभाळातून पडत नाही. मंच कुणाच्या ताब्यात, पडदा कुणाच्या हातात, त्यावर ती ठरते.

आजोबांची पिढी तमाशातल्या सोंगाड्यावर हसली. फड बहुतेक महार, मांग, कोल्हाट्यांचे. बतावणीत सोंगाड्या राजालाही उघडा पाडायचा. आंबेडकरी जलशानं गण-गौळण टाकली, हसू ठेवलं आणि नेम जातीवर धरला. १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला. कामगारवस्तीनं डोक्यावर घेतला, पांढरपेशांनी नाकं मुरडली.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढं त्यावर चिमणराव आला. विनोद निर्मळ, कबूल. पण घर कुणाचं? वस्तीतली माणसं शेजाऱ्याच्या दारात उभी राहून हसली. पडद्यावर मात्र ती नव्हती.

मग २०१४ ला ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ ला ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. बोली आली, गावाकडची पोरं आली. झकास झालं! पण गड्यानं लुगडं नेसलं की हशा, हा हिशोब कायम. भाषा आपली आली, सोंगाड्याचा नेम कुठं गेला?

आता फोन खिशात आहे. कुणाची परवानगी नको, फड उभारा. फक्त हसण्याआधी बघा: टपली राजाच्या डोक्यात बसतेय, की आपल्याच माणसाच्या?