निवाऱ्याविना समुपदेशन

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला, तेव्हा घरातल्या मारहाणीकडे केवळ फौजदारी गुन्हा म्हणून न पाहता, छळ सोसणाऱ्या स्त्रीला तातडीने काय हवे या प्रश्नापासून विचार करणारी चौकट देशाला मिळाली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला या कायद्याने हिंसा मानले, संरक्षणाच्या आदेशापासून नुकसानभरपाईपर्यंतचे दिलासे एकाच अर्जावर मागण्याची सोय केली आणि न्यायालयाबाहेरच्या मदतीसाठी समुपदेशन, वैद्यकीय उपचार व आधारगृह यांची सांगड घालून दिली. महाराष्ट्रात या सांगडीतील समुपदेशनाची बाजू बऱ्यापैकी रुजली, निवाऱ्याची बाजू मात्र दुबळीच राहिली. या दुबळेपणाची किंमत अखेर समुपदेशनालाच मोजावी लागते, आणि राज्य शासनाने आता हात घालायचा तो इथेच.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाइतके आहे. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी, की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जवळपास ७७ टक्के स्त्रियांनी त्याविषयी कुणाला काही सांगितलेही नाही आणि कुणाकडे मदतही मागितली नाही. ज्या थोड्या जणींनी मागितली, त्यांतील बहुतेकींनी माहेरचे दार ठोठावले. पोलीस, वकील वा संस्थांपर्यंत पोहोचणाऱ्या फारच थोड्या.

या शांततेला तडा देण्याचे काम महाराष्ट्रात कायद्याच्याही आधी सुरू झाले होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्तीला थेट पोलीस व्यवस्थेच्या आवारात बसवले. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हा प्रयोग स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभारले. ‘न्हाणीघरात घसरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीचा हात मोडला आहे तो वार चुकवताना, हे अपघात विभागातील परिचारिकेच्या ध्यानात यावे आणि तिने त्या स्त्रीला सोबतच्या नातेवाइकांपासून बाजूला घेऊन केंद्रापर्यंत पोहोचवावे, हे या कामाचे मर्म होय. पोलीस ठाण्याची पायरी जन्मात न चढलेली स्त्रीही केसपेपर काढून रुग्णालयात येतेच, हे ज्यांनी ओळखले त्यांची दृष्टी दाद देण्याजोगी आहे.

अशा केंद्रातील अनुभवी समुपदेशक तत्त्वचर्चेत शिरत नाही. आज रात्री घरी गेल्यास जिवाला धोका आहे का, मुले कुठे आहेत, हाताशी पैसे किती आहेत, हे ती आधी विचारते. मग सुरक्षिततेचा आराखडा, म्हणजे पुन्हा मारहाण झाल्यास कुणाला हाक मारायची, कोणत्या वाटेने बाहेर पडायचे याची पूर्वतयारी, ती त्या स्त्रीसोबत बसून करते. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले आणि रोजची औषधे एका पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायची, इतक्या बारकाव्यापर्यंत हे काम जाते.

याउलट अनेक ठिकाणी समुपदेशन म्हणजे दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवून प्रकरण ‘मिटवणे’ आणि बाईला पुन्हा नांदायला धाडणे, अशीच समजूत आहे. कायद्याला हे अभिप्रेत नाही. २००६ च्या नियमांनुसार न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा घडणार नाही अशी हमी मिळवणे हा आहे, आणि त्या बैठकीत आपल्या कृत्याचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, नाही. स्वयंपाक बिघडला, उलट उत्तर दिले, म्हणून हात उचलला, हा युक्तिवाद तिथे ऐकूनच घ्यायचा नाही. मिटलेल्या प्रकरणांची संख्या हे कामगिरीचे माप मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा नियम पुन्हा वाचावा.

तरीही सगळा दोष समुपदेशकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. जिला रात्री टेकायला जागा नाही, तिच्यापुढे पर्याय मांडायचे तरी कोणते? २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे वैद्यकीय, पोलिसी, कायदेशीर व मानसिक मदत एकाच छताखाली देणाऱ्या केंद्रात, साधारणपणे पाच दिवसांपुरताच आसरा मिळतो. त्यापुढे शासकीय राज्यगृह, किंवा पूर्वीच्या ‘स्वाधार’ योजनेची गृहे सामावून घेणारे ‘शक्ती सदन’ गाठावे लागते, आणि अडचणी सुरू होतात त्या तिथून. गृह जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीची कामे सुटतात; एका विशिष्ट वयापुढच्या मुलाला सोबत ठेवता येत नसल्याने माय-लेकरांची ताटातूट होते; बाहेर पडण्यावर आणि फोनवर निर्बंध असतील, तर जाच चुकवून आलेल्या स्त्रीला तो नवा जाच वाटतो. तक्रारीची नोंद, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, आधी दाखल केला नाही एवढ्या कारणावरून आश्रय नाकारता येत नाही, असे नियम स्पष्टपणे सांगतात. पण हे कडीकुलूप सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचले आहे का, याची खातरजमा विभागाने करायला हवी.

खरे तर घर सोडण्याची पाळी स्त्रीवर येऊच नये, यासाठीच कायद्याच्या सतराव्या कलमाने तिला सामायिक घरात, म्हणजे संबंधितासोबत ती जिथे नांदली त्या घरात, राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा प्रकरणात २०२० मध्ये मान्य केले. परंतु अर्जाची पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, ही कायद्यातील अपेक्षा महिनोन्‌महिने लांबते, तोवर तिने कुठे राहायचे? त्यासाठी तालुक्याच्या गावी, तिच्या कामापासून आणि मुलांच्या शाळेपासून जवळ, मुलग्यांसह राहता येईल अशी छोटी आधारगृहे हवीत. गृहातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला पहिले काही महिने घरभाड्याचे साहाय्य हवे. आणि अर्ज न्यायालयापर्यंत नेणारा संरक्षण अधिकारी दुसऱ्या पदाचा भार वाहता वाहता हे काम उरकणारा नव्हे, पूर्णवेळ हवा. समुपदेशकांना तुटपुंज्या मानधनावर वर्षावर्षाच्या कंत्राटात अडकवून ठेवण्याची पद्धतही बंद व्हावी, कारण धीर एकवटून दुसऱ्यांदा केंद्रात आलेल्या स्त्रीला तिथे ओळखीचा चेहरा भेटणे आवश्यक असते. महिला व बालविकास विभागाने पुढील अर्थसंकल्पाआधी प्रत्येक तालुक्यातील उपलब्ध खाटांची आणि रिक्त पदांची यादी जाहीर करावी आणि तिच्या आधारे या कामासाठी स्वतंत्र तरतूद मागावी.