सांताची छडी आणि कृतज्ञतेचा धडा

आगमनकाळ सुरू झाला, की आमच्या धर्मग्रामात लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांचा सुकाळ होतो. गुळगुळीत कागद, बर्फाने झाकलेली घरे, लाल डगल्यातील गुबगुबीत म्हातारा आणि शेवटच्या पानावर दहा कोऱ्या ओळी : मी कोणकोणत्या गोष्टींबद्दल कृतज्ञ आहे ते लिहा. दोन वर्षांपूर्वी अशी पुस्तके धर्मशिक्षणाच्या वर्गात वाटण्यात आली. वाटणारे अन्य कोणी नसून आम्हीच होतो, हे प्रारंभीच कबूल करतो. कोवळ्या वयात कृतज्ञतेचे संस्कार व्हावेत, एवढाच आमचा हेतू होता.

नाताळानंतर आम्ही ती पुस्तके पाहावयास मागवली. पहिलीतील एका मुलाने दहाही ओळी भरल्या होत्या. रिमोटची गाडी, नवे बूट, केक, क्रिकेटची बॅट आणि असेच बरेच काही. हे सारे तुला कोणी दिले, असे आम्ही विचारले. ‘सांताने.’ का दिले? मुलाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘फादर, मी वर्षभर गुड बॉय होतो म्हणून!’ वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा मात्र ते उत्तर मनातून हलेना.

त्या मुलाचे काहीही चुकले नव्हते. पुस्तकाने जे शिकवले तेच त्याने सांगितले. चांगला वागलो, म्हणून मिळाले. मग आभार कसले मानावयाचे? महिनाभर राबलेला कामगार पगार हाती घेताना रक्कम मोजून पाहतो. मालकाच्या उपकाराने तो गहिवरत नाही आणि त्याने गहिवरूही नये. जे कमावले ते वेतन, जे न कमावता लाभले ते दान. कृतज्ञता दानापोटी जन्मते. तीस पाने मुलाला वेतन शिकवावयाचे आणि एकतिसाव्या पानावर त्याच्याकडे कृतज्ञता मागावयाची, हा कुठला न्याय? आमच्या श्रद्धेत ज्या शब्दावाचून पाऊल पुढे टाकता येत नाही, त्या ‘कृपा’ या शब्दाचा पायाच ही गोंडस पुस्तके पोखरून टाकीत आहेत, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

ही खोड जुनी आहे. 1821 साली न्यूयॉर्कमध्ये ‘द चिल्ड्रन्स फ्रेंड’ नावाची रंगीत चित्रांची एक छोटी पुस्तिका निघाली. तीत रेनडिअरच्या गाडीतून येणारा सांता चांगल्या मुलांना बक्षिसे देतो आणि वाईट मुलांच्या आईबापांसाठी छडी ठेवून जातो. दोनच वर्षांनी, 1823 मध्ये, ट्रॉय या गावच्या वृत्तपत्रात सांताची ती सुप्रसिद्ध कविता प्रथम छापून आली. तिच्यात छडी नाही, मुलांच्या वर्तनाची झडतीही नाही. म्हातारा येतो, मोजे भरतो, निघून जातो. पुढील काळाने कवितेतील हसरा म्हातारा घेतला आणि त्याच्या हाती पुस्तिकेतील हिशेबाची वही दिली.

ज्यांच्या नावावरून सांता हा शब्द आला, ते मायराचे बिशप संत निकोलस अशी वही बाळगीत नव्हते. त्यांचा सण 6 डिसेंबरला येतो. परंपरा सांगते, की दारिद्र्याने गांजलेला एक बाप आपल्या तीन मुलींना पापाच्या बाजारात उभे करण्याच्या विचारात होता. निकोलसांनी रात्रीच्या काळोखात त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. तो बाप कुठल्याही मापाने ‘गुड बॉय’ नव्हता! त्याची लायकी तपासली असती, तर त्या मुलींचे काय झाले असते?

या विषयावर आम्ही बोललो तेव्हा काही माता आमच्यावर रागावल्या. ‘फादर, तेवढ्या धाकाने मूल महिनाभर तरी शहाण्यासारखे वागते.’ वागत असेल. शिस्तीला आमचा विरोध नाही. ती बारा महिने लावा. परंतु गव्हाणीतील बाळाच्या वाढदिवशी हवालदार कशाला उभा करता? लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी आठवावेत. याजकांकडे जा, असे प्रभूने सांगितले आणि दहाही जण निघाले. आज्ञा दहांनीही पाळली. आपण बरे झालो हे पाहून आभार मानायला परतला तो एकच, आणि तोही शोमरोनी. आज्ञाधारकपणा हीच कृतज्ञता असती, तर प्रभूने उरलेल्या नऊ जणांविषयी विचारणा केली नसती.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. त्या मुलाचे बूट सांताने आणले नव्हते. त्याचे वडील पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जातात आणि रात्री मूल झोपल्यावर घरी येतात; बोनसच्या पैशांतून त्यांनी ते घेतले होते. आईबापांनी आपण होऊन एका बाहुल्याच्या आड लपावयाचे आणि मुले आमची कदर करीत नाहीत, अशी तक्रार घेऊन आमच्या दारी यावयाचे! संत निकोलस लपले ते देवाचे उपकार स्मरले जावेत म्हणून. आपण कोणासाठी लपतो?

सर्वच पुस्तके टाकाऊ आहेत, असे आमचे म्हणणे नाही. डॉ. स्यूस यांच्या 1957 सालच्या पुस्तकात ग्रिंच नावाचा खाष्ट प्राणी अख्ख्या गावाचा नाताळ चोरून नेतो. सकाळी एकाही घरात भेटवस्तू नसते, तरी गाव गाणे गातेच, आणि पुढे त्या चोराला जेवणाच्या पंगतीत जागाही मिळते. येशूचे नाव त्यात नाही. तरीही आम्ही वाटलेल्या पुस्तकांपेक्षा ते शुभवर्तमानाच्या अधिक जवळचे आहे. असो.

संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेचोच्या डोंगरात गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्म उभा केला, तेव्हा भोवती जमलेल्या खेडुतांना शेवटच्या कोऱ्या ओळी भरावयास कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पाहिले, आणि पाहणे पुरेसे झाले. आपल्या आगेराचेही तेच होते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये न्यावयाच्या, आशीर्वादित करून घरी आणावयाच्या. लोंबी हाती धरलेल्या मुलाला पाऊस आपण पाडला नाही, हे वेगळे शिकवावे लागत नसे.

आता लोंब्याच विकत आणाव्या लागतात. आमच्या धर्मग्रामात भाताची शेते उरलेली नाहीत. गतवर्षी आगेराच्या लोंब्या वाडा तालुक्यातील एका शेतकऱ्याकडून टेम्पोने आल्या. मिस्सेत आम्ही अन्नदात्या परमेश्वराचे भरभरून आभार मानले. त्या शेतकऱ्याचे नाव मात्र चर्चमध्ये एकालाही ठाऊक नव्हते, आम्हालाही नाही. यंदा ते विचारून घेतले आहे.

येत्या ऑक्टोबरात धर्मशिक्षणाच्या मुलांना त्यांच्या बांधावर न्यावयाचे ठरले आहे. पुस्तकांवर होणारा खर्च कागद आणि रंगांवर होईल. मुले जे पाहतील ते काढतील, आणि नाताळात गव्हाणीशेजारी तेच पुस्तक ठेवले जाईल. चित्रे वाकडीतिकडी येतील. बर्फ नसेल. ज्या पालकांना सांता हवाच आहे, त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याशी भांडावयास अवश्य यावे. चहा आमच्याकडे.